दादाच्या हाताचा घाम

घामाबद्दल जी माणसं फार चांगलं बोलतात, ती बहुतेक पंख्याखाली बसलेली असतात. माझ्या थोरल्या भावाचा मालक त्यातलाच. वर्षातून एकदा सगळ्या कामगारांना अंगणात उभं करून तो भाषण ठोकायचा. हा कारखाना तुमच्या घामावर उभा आहे, घामाला मोल नाही, घाम हीच माणसाची खरी कमाई, वगैरे वगैरे. लोक टाळ्या वाजवायचे आणि दादाही वाजवायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "तुमच्या घामावर उभा आहे ना कारखाना? मग तुला आतल्या खोलीत पाऊल का टाकू देत नाहीत?" तर म्हणतो कसा, "अगं, भाषणातला घाम वेगळा असतो." आणि स्वतःच हसला. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मी घरी शिवणकाम करते. नवीन कपडे कमी, जुने उसवून बेतून देण्याचंच काम जास्त. त्यामुळे दुसऱ्यांचा घाम माझ्या हाताखालून रोज जातो. काखेतले पिवळे अर्धगोल, कॉलरच्या आतली काळी रेघ, पाठीवर सुकून राहिलेली मिठाची नक्षी. माणूस कितीही ऐटीत आला तरी त्याचा सदरा उलटा केला की सगळं कळतं. पण हे सगळे उन्हाचे आणि कष्टाचे घाम. पाण्यात बुडवले की निघतात. दादाचा घाम तसला नव्हता. तो यायचा तळहाताला, आणि तळहाताच्या घामाचा उन्हाशी काही संबंध नसतो. थंडीत, पंख्याखाली, स्वस्थ बसलेलं असतानाही तो येतो. मनात काहीतरी हवं असतं किंवा कशाची तरी धास्ती असते, तेव्हा तो येतो. दादाला लहानपणापासून दोन्ही होतं.

त्याचा कारखाना गेज बनवतो. गेज म्हणजे पोलादाचे लहान लहान चौकोनी ठोकळे. दुसरे कारखाने आपली मापं बरोबर आहेत की नाही हे या ठोकळ्यांशी ताडून बघतात. बाहेरच्या मोठ्या शेडमध्ये पोलाद कापायचं, कानशीनं घासायचं, भोकं पाडायची. आणि आतल्या खोलीत, काचेच्या दाराआड, मोठे मिस्त्री आणि त्यांचा मदतनीस हे ठोकळे घासून घासून आरशासारखे करायचे. केसाच्या जाडीचा फरकही तिथं चालत नाही. यंत्र असतं, पण शेवटचं काम हाताचं. बोटाला लागल्याशिवाय कळत नाही, असं मिस्त्री म्हणायचे.

दादा कामाला लागला तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं होतं की आपण त्या खोलीत बसायचं. हात चांगला होता त्याचा. कानस चालवताना नुसत्या आवाजावरून सांगायचा की किती उतरलं. मिस्त्रींच्याही ते नजरेत आलं होतं. पण आतल्या खोलीचा एक नियम होता. तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला आधी अंगठा द्यावा लागे. शनिवारी संध्याकाळी मिस्त्री एक घासलेली पट्टी स्पिरिटनं पुसून समोर धरायचे, तुम्ही तिच्यावर उघडा अंगठा टेकवायचा, मग ती कागदात गुंडाळून कपाटात बंद. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर उघडायची. बहुतेकांचा नुसता पुसट डाग निघतो. पण काही माणसांचा घामच असा असतो की तो पोलादाला खातो. अशा माणसानं हात लावलेला ठोकळा वरून कितीही पुसला तरी दोन दिवसांत त्यावर गंज चढतो, आणि माप गेलं ते गेलंच.

दादाची पट्टी उघडली तेव्हा तिच्यावर त्याचा अख्खा अंगठा तपकिरी रंगात उमटला होता. एकेक रेघ, एकेक वळसा, जणू मुद्दाम कोरल्यासारखा. शेडमधल्या कुणीतरी "गंज्या!" अशी हाक मारली आणि तिथून पुढं कारखान्यात त्याला दुसरं नाव राहिलं नाही.

त्यानं काय काय नाही केलं! तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायचा. मीठ सोडलं. वहिनी नवीन लग्न होऊन आली होती, तिला वाटायचं आपल्याच हाताला चव नाही. पावडर लावली तर तिचा लगदा झाला. रबरी हातमोजे घातले तर आत डबकं साचलं आणि बोटाला काही कळेना. डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, काळजीनं हात घामेजतात. मग काळजी कशी करायची नाही याचीच काळजी हा रात्रंदिवस करत बसला. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायची, "सोड ना ती खोली! बाहेर काय काम नाही?" तो म्हणायचा, "बाहेर नुसतं लोखंड कापतो आम्ही, बारके. वस्तू आत होते."

पुढं केव्हातरी त्यानं खरंच सोडलं. म्हणजे नोकरी नाही, नाद सोडला. मुली झाल्या, वाढल्या, त्यांची लग्नं झाली. दादा बाहेरच्या शेडमध्ये कानस चालवत राहिला. आतल्या खोलीच्या दाराला त्यानं कधी हात लावला नाही. आतली माणसं त्याच्याशी हात मिळवत नसत, त्याच्या नळावर हात धूत नसत. आणि एखादा ठोकळा गिऱ्हाईकाकडून गंजून परत आला, की सगळ्यांच्या माना दादाकडं वळायच्या. गंज्यानं कुठंतरी हात लावला असणार. अरे, पण तो आत येत नाही, त्यानं वस्तू बघितलेलीसुद्धा नाही! मग तो वाऱ्यानं पाठवतो का घाम? पण एकदा माणसाला नाव पडलं की त्याच्या डोक्यावर खापर फोडायला पुरावा लागत नाही. आणि आमचा हा शहाणा कधी "मी नाही" असं तोंड उघडून म्हणाला नाही. उलट घरी येऊन म्हणायचा, "काय सांगावं, लागलाही असेल."

गेली दोनएक वर्षं परत येणारे ठोकळे वाढले होते. त्यात मिस्त्रींचा मदतनीस दुसरीकडं गेला. मालकानं बाहेरून दोघे आणले, दोघांनी मिळून इतका माल बिघडवला की मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तो स्वतः शेडमध्ये दादाच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "हात तुझ्याइतका कुणाचा नाही. पुन्हा एकदा अंगठा देऊन बघतोस का?"

दादा घरी येऊन हे इतक्या सहज म्हणाला, जणू कुणी पत्ता विचारला होता. मी मशीन थांबवलं. वहिनी आतून हात पुसत आली. मी म्हटलं, "आणि तू काय म्हणालास?" तो म्हणाला, "बघतो म्हटलं." नंतर जेवताना एकदम म्हणाला, "मिस्त्री पुढच्या वर्षी सोडणार. मलाही नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. एकदा तरी एक वस्तू पुरी करून बघायची होती." एवढंच. त्या खोलीची इच्छा इतकी वर्षं त्यानं एकदाही बोलून दाखवली नव्हती.

शनिवारी अंगठा झाला. रविवारी घरात माझे तळहात भिजले होते, दादाचे नव्हते. तो खिडकीचं बिजागर काढून घासत बसला होता. मी दहादा विचारलं, "कसं वाटतंय?" शेवटी वैतागून म्हणाला, "बारके, शिवण शिव ना तुझं."

सोमवारी संध्याकाळी तो आला, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला. मी ओळखलं. म्हटलं, "आला ना गंज?" तो म्हणाला, "आला." वहिनी आत गेली. मी म्हटलं, जाऊ दे, नशीब. तेव्हा तो म्हणाला, "पण माझा नाही."

मला वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्यानं सांगितलं. त्यानं अंगठा टेकवला होता पट्टीच्या बरोबर मध्यावर. सोमवारी पट्टी उघडली तर मधोमध काही नव्हतं. लख्ख. गंज होता तो एका कडेला, वरून एक बोट आणि खालून एक बोट. जिथं पट्टी धरतात तिथं. विकायची, पुरी झालेली वस्तू असती तर मिस्त्रींनी ती चामड्याच्या तुकड्यात धरली असती. ही परीक्षेची पट्टी, म्हणून त्यांनी जुन्या सवयीनं उघड्या हातानं धरली होती.

"मग? मालक काय म्हणाला?"

"त्यांनी लांबूनच बघितलं. तपकिरी दिसलं. म्हणाले, आहेच की रे अजून. आणि गेले."

"आणि मिस्त्री?"

"मिस्त्रींनी पट्टी घेतली आणि पुसली."

"आणि तू?"

"मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"ते बोलतील म्हणून."

मी डोक्याला हात लावला. अरे देवा, ह्या माणसाचं काय करायचं! आयुष्यभर ज्यासाठी झुरला, ते समोर आलं, पट्टीवर सगळ्यांना दिसेल असं लिहून आलं, आणि हा मूग गिळून उभा राहिला, कारण बोलण्याचा पहिला मान वडीलधाऱ्याचा! मी वाट्टेल ते बोलले त्याला. बावळट म्हटलं, गंज्या म्हटलं. घरात ते नाव कधीच कुणी घेतलं नव्हतं. तो म्हणाला, "ओरडू नकोस. मिस्त्रींचा चेहरा तू बघितला नाहीस. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. मला बघवेना."

"तुझ्या कपाळावरचा कुणी बघितला होता का?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात जाऊन उभी राहिले. दादाला सांगितलं नव्हतं. मिस्त्री अंगणात बाकावर एकटेच डबा उघडून बसले होते. मी त्यांना आधी दोन-तीनदाच पाहिलं होतं. ताठ माणूस, पांढरे केस, नखं कापून अगदी साफ. मी समोर गेले आणि म्हटलं, "मी त्याची बहीण. मला तुमचा अंगठा हवाय. एका पट्टीवर."

मला वाटलं होतं चिडतील, हाकलून देतील. त्यासाठी मी तयारीत गेले होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "गरज नाही बाई. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. आजारी पडलो होतो, औषधं सुरू झाली, त्यानंतर. आधी वाटलं पोलादातच दोष आहे. घासताना बोट लागतंच, म्हणून मग रोज निघताना सगळे ठोकळे स्वतः स्पिरिटनं धुऊन तेल लावायला लागलो. तरी एखादा राहून जायचा."

"आणि तो राहून गेलेला परत आला की माझ्या भावाचं नाव निघायचं. तुम्ही ऐकत होता?"

"ऐकत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी जरा विचार केला. म्हणजे खोटं सांगायचं की खरं, असा नव्हे. नीट शब्दांत कसं सांगावं, असा. मग म्हणाले, "त्याला ते नाव आधीपासून होतंच ना. आणखी एक ठोकळा त्याच्यावर गेला तर त्याचं काय वाढणार होतं? मला मात्र नवीन लागलं असतं."

मी भांडायला गेले होते, आणि हा माणूस माझ्याशी भांडतच नव्हता. इतक्या सरळ, इतक्या शांतपणे त्यांनी ते सांगितलं, की जणू शेजाऱ्याच्या आधीच ओल्या छत्रीवर आपलीही छत्री ठेवली. मागं बघितलं तर दादा उभा होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं की तुझी बहीण आली आहे. त्यानं किती ऐकलं, मला माहीत नाही, पण शेवटचं नक्की ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा मी आमचे वडील गेले तेव्हाही बघितला नव्हता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मी तुमच्यासाठी काल गप्प बसलो."

"कळलं मला."

"आज नाही बसणार."

हे तो इतक्या हळू म्हणाला की जोरात म्हणाला असता तर बरं झालं असतं. मिस्त्री उठले. डबा बाकावर ठेवला आणि मालकाच्या केबिनकडं चालायला लागले. दादाला त्यांनी पुढं जाऊ दिलं नाही. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाले, "मीच सांगतो. तू थांब." आत काय झालं ते आम्हाला काचेतून दिसलं, ऐकू आलं नाही. मिस्त्री बोलत होते, मालक नुसता बघत होता. मग मिस्त्रींनी स्वतःचे दोन्ही तळहात त्याच्यापुढं टेबलावर उताणे ठेवले.

बाहेर आल्यावर ते दादाजवळ थांबले. मला वाटलं आता तरी माफी मागतील. पण कारागीर तो कारागीरच. त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं. म्हणाले, "एक विचारू? तुझा कधी थांबला?"

"काय?"

"गंज. तुझा अंगठा काल स्वच्छ निघाला. असं एका रात्रीत होत नाही. कधीपासून येत नाही?"

दादा म्हणाला, "मला काय माहीत. त्या पहिल्या सोमवारनंतर मी परत कधी टेकवलाच नव्हता."

"कधीच?"

"कधीच नाही."

मिस्त्रींनी शेडकडं नजर फिरवली. इतकी वर्षं ह्याच्या चारी बाजूंना पोलाद. टेबलावर पोलाद, पायाखाली पोलाद, कोपऱ्यात टाकून दिलेल्या घासलेल्या पट्ट्यांचा ढीग. कुठल्याही शनिवारी एक उचलायची, अंगठा टेकवायचा आणि खिशात घालून घरी आणायची. कुणाची परवानगी लागत नव्हती. एवढ्या वर्षांत ह्यानं ते एकदाही केलं नाही. एकदा नाही निघालं म्हणजे नाहीच निघालं, असं ह्यानं धरलं, आणि सगळ्या कारखान्यानं धरलं, आणि खरं सांगायचं तर आम्ही घरच्यांनीही धरलं.

पुढच्या आठवड्यात दादा आतल्या खोलीत बसला. मालकानं मिस्त्रींना बाहेरच्या शेडमध्ये कच्च्या मालावर देखरेखीचं काम दिलं. ते निमूटपणे ते करतात म्हणे. शेडमधल्या लोकांनी दादाला हाक मारायला नवीन काही शोधलं नाही. जुनीच चालू आहे, फक्त जरा हळू आवाजात.

तो आत बसला त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम काम लवकर आवरलं. म्हटलं, आज तरी ह्या घरात जरा बरं वाटू दे. दादा आला. वहिनीनं चहा ठेवला. मी विचारलं, "कसं होतं?"

"बसायला स्टूल चांगलं आहे," तो म्हणाला. "उजेडही चांगला आहे."

"आणि काम?"

"काम येतं मला. दुपारपर्यंत हात बसला." मग कप बाजूला ठेवून म्हणाला, "तेच तर. दुपारपर्यंत बसला. काहीच अवघड नव्हतं गं."

नाकासमोर आपले तळहात धरून तो बघत बसला. कोरडे होते. रेघांत काळं बसलेलं, पण कोरडे. मला वाटतं, त्या हातांना घाम यायचा तो त्या खोलीसाठीच. ती हवी होती, मिळेल की नाही याची धास्ती होती, म्हणून यायचा. ज्या दिवशी ह्यानं मनातून तिच्यावर पाणी सोडलं, त्या दिवशी घामाचंही काम संपलं असणार. म्हणजे आत जायला लायक झाला तो नेमका जायची इच्छा मेल्यावर. आणि इच्छाच मेली, म्हणून परत बघितलंही नाही. आता बोला! रागवायचं तरी कुणावर?

"एवढं कळलं असतं तरी चाललं असतं," दादा म्हणाला. "की कधीपासून. मग निदान हिशेब तरी लागला असता मनाला."

वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"हात तुमचे. रात्री अंगावर हात पडला तरी दचकायला व्हायचं मला सुरुवातीला, इतके ओले असायचे. ते थांबलं ना मग." ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काही अपराध वगैरे नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मी बोलले नाही. म्हटलं, तुम्हाला तो विषय नको असतो. आणि स्वतःच्या हाताचं स्वतःला कळल्याशिवाय राहतं का?"

"कधी थांबलं?"

वहिनीनं गॅस बंद केला आणि जरा आठवून म्हणाली, "थोरलीला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला गेलो होतो बघा आपण. ती रडत होती, म्हणून तुम्ही एका हातानं तिला धरलं होतं आणि एका हातानं मला. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं. हात कोरडा होता."

दादानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोरलीची स्वतःची मुलगी आता शाळेत जाते.